कवळीकाकांचा आठवा मासा

तोंडावर मला सगळे ताई म्हणतात आणि पाठ वळली की फौजदार. दोन्ही मला ऐकू येतं. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं गळ-काठ्यांचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं. भावाला आमिषाच्या वासाने मळमळायचं, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं आणि माझ्या स्वभावाला मानवलं. काठ्या, रिळं, शिसाचे गोळे, तंगूसाच्या दोऱ्याची रिंगणं, नऊ मापांचे गळ, कोपऱ्यातल्या थंड पेटीत आमिषाची कोळंबी. वस्तू जिथली तिथे नसली की माझं डोकं फिरतं. माणसांच्या बाबतीतही तेच.

दुकानाच्या गिऱ्हाइकांचा मी फोनवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'गळेपडू'. सुट्टीच्या दिवशी समुद्रावर गळ टाकून बसणारे दोनशेच्या वर हौशी लोक त्यात आहेत. मासा मिळाला की फोटो टाकायचा, बाकीच्यांनी वाहवा करायची आणि मनातून जळायचं, एवढाच कारभार. पण हौशी माणसाचा मासा पाण्याबाहेर आल्यावरसुद्धा वाढत राहतो. बोलता बोलता वीतभर मासा हातभर होतो. म्हणून मी नियम केले. मासा आख्खा दिसला पाहिजे, शेजारी मोजपट्टी पाहिजे, आणि धरणाऱ्याचा हात फोटोत पाहिजे. जागा कुणी कुणाला विचारायची नाही. विचारलीच तर उत्तर ठरलेलं: समुद्रात.

आणि बाजारातून मासा आणून 'मी धरला' म्हणणाऱ्याची माझ्याकडे गय नव्हती. ते ओळखायला फार अक्कल लागत नाही. गळाने धरलेल्या माशाच्या ओठाला भोक असतं. जाळ्यातल्याचा ओठ कोरा असतो, आणि त्याच्या कल्ल्यांमागे जाळ्याच्या दोऱ्याचा वळ उठलेला असतो, तिथले खवले गेलेले असतात. असे तिघे मी पकडले होते. चारचौघांत. त्यातला एक तर निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या या डोळ्याचा मला गर्व होता, आणि त्या गर्वापायी मी कवळीकाकांना ग्रुपमधून घालवलं. तीच गोष्ट सांगायची आहे.

कवळीकाका कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे आणि काका घराच्या मागच्या खोलीत बसून त्या मापाचे दात बसवायचे. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, हिरड्यांच्या रंगाच्या गुलाबी भुकटीचे डबे. भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने पांढऱ्या प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हा म्हटलं, "काका, एवढी माणसं तोंड वासून बघतायत. भीती नाही वाटत?"

"बघतायत कुठे," ते म्हणाले, "नुसतं तोंड उघडून बसलीत. आमच्या नातेवाइकांसारखी."

दातांवरची एकही म्हण त्यांनी सोडली नव्हती. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं चाळीस वर्षं भरलं." किंवा, "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे. त्याला म्हणावं माझ्याकडे ये, एकाच सेटमध्ये काम करून देतो." उरलेल्या गुलाबी भुकटीतून ते बोटाएवढ्या बनावट मासोळ्या करायचे आणि त्यांना गळ लावायचे. आम्ही हसायचो, म्हणायचो, काकांच्या हिरड्या निघाल्या पोहायला. पण मासे त्यांवर तुटून पडायचे. ग्रुपवर लिहायचे मात्र मोजून चार शब्द. 'तांबोशी. सव्वा फूट. समुद्रात.' आणि सव्वा म्हणजे सव्वाच. उलट बोटभर कमीच सांगतील.

काकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली. त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती काकांबरोबर समुद्रातल्या दगडी बंधाऱ्यावर उभी राहायची, त्यांच्याआधी तिच्या गळाला मासा लागला की काका गावभर सांगत फिरायचे. आता ती दोन दिवसांच्या अंतरावर, समुद्र नसलेल्या शहरात नोकरी करते, सोळाव्या मजल्यावर राहते. आई गेल्यावर ती वडिलांना न्यायलाच आली होती. काका हलेनात. शेवटी दोघांमध्ये एक बोली झाली. काका म्हणाले, "माझ्या हातात काठी आहे तोवर मी इथे. काठी सुटली की घराला कुलूप लाव नि ने मला."

"शब्द द्या, बाबा."

"दिला."

नुसत्या शब्दावर सोडून द्यायला ती भोळीभाबडी नव्हती, काकांचीच मुलगी होती. ती आमच्या ग्रुपमध्ये आली. कधी काही लिहायची नाही. रविवारी काकांचा फोटो आला की त्याखाली एक बदाम टाकायची आणि मग त्यांना फोन करायची. रविवारचा मासा म्हणजे काकांना त्यांच्या घरात राहायला मिळालेला आणखी एक आठवडा. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावरून आम्ही त्यांना चिडवायचोही. मी स्वतः म्हणायचे, "काका, या रविवारी मासा नाही तर सोळावा मजला."

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. काकांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी मेणावर ठेवलेला दात सरळ बसेना. मग त्यांनी केलेली एक कवळी डॉक्टरने परत पाठवली. काकांनी डोळ्यांचं निमित्त सांगून काम घ्यायचंच बंद केलं. बंधाऱ्यावर गळ टाकायला गेले तर दोरा पायाशीच पडायचा. रिळाची मूठ हातात ठरेना. एकदा गळ मासोळीला लावायच्याऐवजी स्वतःच्या अंगठ्यात रुतला.

दुकानात येऊन म्हणायचे, "ताई, आज दहा गळ तूच बांधून दे. चष्मा घरी राहिला."

"काका, चष्मा नाकावर आहे."

"अरे हो की," म्हणून हसायचे. मी गळ बांधून द्यायचे. एवढा माझा तो तीक्ष्ण डोळा, आणि समोरच्या माणसाचा उजवा हात महिनाभर खिशातून बाहेर आला नाही हे काही त्याला दिसलं नाही.

तीन रविवार काकांचा फोटो आला नाही. मुलीचा फोन आला, "बाबा, मासा?"

"समुद्र खवळलेला होता गं."

"मी हवामान बघितलं. शांत दाखवतंय."

चौथ्या रविवारी काका मासेवाल्या मावशीकडे गेले. बंदराच्या पायऱ्यांशी ती तीस वर्षं पाटी लावून बसते. तिच्यापुढे त्यांनी हात धरला आणि सगळं खरं सांगितलं. जगात तेवढ्या एकाच माणसाला सांगितलं. मावशी म्हणाली, "जाळ्याचा मासा मी तुम्हाला द्यायची नाही. ती दुकानातली बया वास काढते. लहान होडीवाले गळाने धरतात, त्यांच्यातला देते. ओठाला भोक असलेला."

सात रविवार मावशीने त्यांना मासे निवडून दिले. काका ते ओल्या फडक्यात गुंडाळून बंधाऱ्यावर न्यायचे, मोजपट्टी मांडायचे, फोन दगडाला टेकवून आपोआप फोटो निघेल असा लावायचे, आणि माशावर डावा हात ठेवायचे. डावा हलत नव्हता. आधीच्या शेकडो फोटोंत उजवा हात होता, हेही मला दिसलं नाही. फोटो झाला की काठी दगडांच्या फटीत खोचून, दोरा पाण्यात सोडून तासभर बसायचे. नुसते सवयीने. परतताना मासा मावशीला देऊन टाकायचे. सातांतला एकही त्यांनी घरी नेला नाही. म्हणायचे, "फोटोपुरतं ठीक आहे. पोटात नको."

त्या सातही माशांखाली मी वाहवा लिहिली आहे. एकाखाली तर लिहिलंय, 'काका, हात अजून तरणाबांड आहे.'

आठव्या रविवारी दुपारी दुकानात गर्दी होती आणि काकांचा फोटो आला. तांबोशी, चांगली दणदणीत, मोजपट्टीच्या टोकापर्यंत. खाली नेहमीचे चार शब्द नव्हते. लिहिलं होतं, 'आज फार दिवसांनी हाताला ओढ लागली. काठी हातातून जाते की काय वाटलं. पंधरा मिनिटं चाललं होतं. दोन फूट एक बोट. काठावर आणल्यावर मी खाली बसून घेतलं. समुद्रात.'

खोटं बोलणारा माणूस लांबण लावतो, हा माझा जुना नियम. मी फोटो मोठा करून पाहिला. कल्ल्यांच्या मागे गोल वळ. तिथले लाल खवले गेलेले, खालची पांढरी कातडी उघडी. ओठ कोरा. माझ्या अंगात संचारलं. काउंटरवरच्या दोन गिऱ्हाइकांना मी फोन दाखवला, "बघा, बघा, हे आपले सज्जन." मग बोटाने त्या वळाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि तो फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'काका, ओठ कोरा आणि अंगावर जाळ्याचा वळ. आपण गळेपडू आहोत, जाळेपडू नव्हे.'

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोटांचंही तसंच असतं.

सगळे दात काढायला लागले. हसणारी तोंडं एकाखाली एक येत गेली. कुणीतरी लिहिलं, 'कवळी खोटी, मासाही खोटा.' त्याच्याखाली मीसुद्धा एक हसणारं तोंड टाकलं. काका काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. मग ते थांबलं. पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. दहा मिनिटांनी ओळ आली की काकांनी ग्रुप सोडला. मी त्यांचा मूळ फोटो सगळ्यांसाठी पुसून टाकला. खोटा मासा ग्रुपवर ठेवायचा नाही, हाही माझाच नियम. मग मी आमिषाची पेटी धुवायला घेतली. मला छान वाटत होतं, हे लपवून काय करू.

गुरुवारी त्यांची मुलगी दुकानात आली. मी तिला पुष्कळ वर्षांनी पाहत होते. केस अर्धे पांढरे झाले होते, डोळे सुजलेले. तिने एक लांब पिशवी आणि एक पेटी काउंटरवर ठेवली. काकांच्या दोन काठ्या, रीळ, मासोळ्यांचा डबा.

"हे कुणा नवशिक्याला द्या, ताई. बाबा आता माझ्याकडे येतायत."

मी विचारलं, "काय झालं?"

"तुमचं वाचलं आणि त्यांना फोन केला. म्हटलं, बाबा, विकत आणलात? ते बोलेनात. मी तशीच निघाले. घरात शिरले तर त्यांनी टेबलावर उजवा हात ठेवला. म्हणाले, बघ. सगळे विकतचे होते." ती थोडा वेळ काठ्यांच्या पिशवीची नाडी बांधत राहिली. "सहा-सात महिने हात असा आहे आणि मला माहीत नाही. गॅस पेटवतात, चाकू धरतात, त्या शेवाळाच्या दगडांवर चढतात. तुम्ही पकडलं नसतं तर मला कळलंच नसतं. तुमचे उपकार झाले, ताई."

मी म्हटलं, "अहो, उपकार कसले."

काका समोरच्या फुटपाथवर गाडीपाशी उभे होते. आत आले नाहीत. मी दारात गेले तेव्हा त्यांनी डावा हात थोडा वर केला. मीही केला. हात कापतो म्हणून खोटे फोटो टाकले, आता मुलगी नीट सांभाळेल, झालं ते बरं झालं, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही. इतकं पटलं की त्या रात्री मला झोपही लागली.

पुढच्या आठवड्यात त्यांचं रीळ साफ करायला घेतलं. जुना तंगूस काढून नवा भरायचा होता. ओढायला घेतला तर टोकाकडचे पहिलेच दोन-तीन हात दोरा हाताला खरखरीत लागला. पिळा पडलेला, जागोजागी चपटा झालेला, आणि त्याला लाल खवले चिकटून वाळलेले. टोकाला काकांची गुलाबी मासोळी होती. तिचा गळ ताणाने जवळजवळ सरळ झाला होता आणि त्याच्या टोकावर कातडीचा तुकडा होता, पांढरा, पोटाकडचा. ओठाची कातडी तशी नसते. ती जाड असते, तिला खवले नसतात.

मी स्टुलावर बसले. हे मी आयुष्यात दोनदा पाहिलेलं आहे आणि वडिलांनी समजावूनही सांगितलेलं आहे. कधी कधी मासा आमिष घेत नाही, जवळून जाताना गळ त्याच्या पोटाला अडकतो. अशा वेळी दोरा ताठ ठेवावा लागतो. तो मध्येच सैल पडला तर मासा स्वतःभोवती गिरक्या घेतो आणि दोरा त्याच्या कल्ल्यांमागे गुंडाळला जातो. जितका ओढाल तितका रुततो. ओठ कोरा राहतो आणि अंगावर वळ उठतो, हुबेहूब जाळ्यासारखा. दोरा ताठ का राहिला नसेल, ते आता मला कुणी सांगायला नको होतं.

दुकान उघडं टाकून मी मावशीकडे धावले. "त्या रविवारची ती मोठी तांबोशी. तुमच्याकडची होती?"

मावशी मासा साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडची नव्हती. त्या दिवशी ते पहाटेच परस्पर बंधाऱ्यावर गेले होते. परत येताना मला दाखवायला आले. दोन्ही हातांत धरून, तान्हं मूल धरतात तसं. उजवा हात हलतोय म्हणून मासाही हलतोय. मला वाटलं जिवंतच आहे. म्हणाले, मावशी, आज तुझं गिऱ्हाईक गेलं." तिने साफ केलेला मासा पाण्यात बुडवून बाजूला ठेवला. "तो त्यांनी घरी नेला. तेवढा एकच नेला. नंतर तू काय लिहिलंस ते मला होडीवाल्याने वाचून दाखवलं."

एवढं बोलून तिने दुसरा मासा घेतला आणि खवले काढायला लागली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी काकांना फोन लावला. मागे लिफ्टचा आवाज येत होता, बहुधा ते जिन्याच्या पॅसेजमध्ये येऊन बोलत होते.

"काका, मी तुमचा दोरा पाहिला."

"पाहिलास होय. पोटाला अडकला होता, ताई. मला कळेचना काय लागलंय ते. आडवाच येत होता."

"मग बोलला का नाहीत? मला दोन शिव्या घालायच्या. मी सगळ्यांसमोर माफी मागितली असती."

"काय बोलू? सात खोट्यांना तू वाहवा केलीस तेव्हा मी गप्प बसलो. मग एका खऱ्यासाठी कुठल्या तोंडाने भांडू?" त्यांना बोलताना दम लागत होता. "आणि लिहायला घेतलं होतं. बोट भलत्याच अक्षरावर पडत होतं."

"मी आत्ता लिहिते ग्रुपवर. तुमच्या मुलीलाही सांगते."

"नाही. अजिबात नाही." इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "तिला सांगायचं नाही. ती अजून ग्रुपवर आहे, तिथेही काही लिहायचं नाही. अगं, आमच्यात बोली झाली होती. त्या दिवशी माझ्या हातात काठी होती. शब्दाप्रमाणे तिने मला आणायला नको होतं. हे कळलं तर ती रोज माझ्यासमोर तोंड पाडून बसेल. नाहीतर मला परत नेऊन सोडेल. आणि परत सोडलं तर पुढच्या रविवारी मी पुन्हा मावशीच्या पाटीसमोर उभा. ते आता माझ्याने होत नाही."

"नाही सांगत," मी म्हटलं आणि रडायला लागले. मला लोकांसमोर रडता येत नाही, फोनवर येतं हे त्या दिवशी कळलं.

"रडू नकोस. एक काम कर. तो फोटो आहे का गं तुझ्याकडे? माझा मी रागाच्या भरात पुसून टाकला. ग्रुप सोडला तेव्हा तिथलंही सगळं पुसलं."

ग्रुपवरचा मी पुसला होता. माझ्याकडे फक्त एक होता, माझ्या बोटाने लाल वर्तुळ काढलेला. तसं मी सांगितलं.

"मासा आख्खा दिसतो ना? मग पाठव तोच. गोल काढलास ते एका अर्थी बरंच आहे. दोरा तिथेच तर गुंडाळला होता."

मी फोटो पाठवला. त्यांनी पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही, आणि मीही पुन्हा फोन केला नाही. करायला हवा होता. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि ज्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही त्याला फोन करणं आज, उद्या असं राहून जातं. ग्रुप चालू होता. कुणीतरी मधूनच 'जाळेपडू' म्हणायचं आणि लोक हसायचे. मी ते थांबवू शकत नव्हते, कारण का थांबवते ते सांगता आलं नसतं. मी शब्द दिला होता. फोटो आला की आता मी मोठा करून बघत नाही. लोक म्हणतात, फौजदार मवाळ झाली.

चार महिन्यांनी एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होते आणि त्यांच्या मुलीचा फोन आला. काका आदल्या आठवड्यात गेले. सकाळी ती चहा घेऊन खोलीत गेली तेव्हा कुशीवर झोपल्यासारखे होते. हे तिने शांतपणे सांगितलं. इतक्यांना सांगून झालं होतं की तिचा आवाज त्या वाक्यांवरून न अडखळता जात होता. मी नेहमीचं काहीतरी बोलले. मग ती म्हणाली, "ताई, एक विचारायचं होतं. विचारू?"

"विचारा ना."

"आज त्यांची खोली आवरतेय. पलंगाशेजारच्या भिंतीवर त्यांनी एक फोटो लावलाय. खालच्या दुकानातून मोठा छापून आणला होता. तो तुमचाच, लाल गोलवाला. मी रोज बघायचे आणि मला कळायचं नाही. आपलं खोटं ज्यात पकडलं गेलं तो फोटो कुणी उशाशी लावतं का? एकदा विचारलं तर म्हणाले, असू दे, मासा चांगला आहे." पलीकडे कपाटाचं दार लावल्याचा आवाज झाला. "मला हल्ली भलतेच विचार येतात. समजा तो मासा त्यांनी खरंच धरला असेल, तर? मग आमच्या बोलीप्रमाणे मी त्यांना आणायलाच नको होतं. ते इथे चार महिने त्या खिडकीत बसून होते, ताई. खाली नुसत्या गाड्या. मी त्यांना त्यांच्या घरातून, त्यांच्या समुद्रावरून उचलून आणलं, ते त्या एका फोटोवरून. तुम्हाला माशातलं कळतं. खरं सांगा. तो विकतचाच होता ना?"

शटर अर्ध्यावर होतं. माझा एक हात त्याला लावलेला होता. गेली कित्येक वर्षं मी लोकांना खरं बोलायला लावत आले. कुणाला किती लागेल याचा विचार केला नाही, कारण खरं ते खरं. आणि त्या बाईने माझ्याकडे खरं मागितलं, तेही माशाबद्दल, जिथे माझ्याइतकं खात्रीने सांगणारं दुसरं कुणी नाही. ते मला द्यायचं होतं. काकांचा तो शेवटचा मासा होता, त्या हाताने धरलेला, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीला ते कळू नये याचं मला फार वाईट वाटत होतं. पण ज्याने तो धरला त्यानेच मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. आणि तिला अजून त्या सोळाव्या मजल्यावरच राहायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "विकतचाच. जाळ्यातला. वळ स्पष्ट दिसतोय."

तिने मोठा श्वास सोडला. "बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "तुमचे फार उपकार आहेत, ताई." आणि तिने फोन ठेवला.